नाल्याला पूर, पुलाला हरकती

पूल बांधायला सिमेंट, लोखंड आणि गिट्टी लागते, असं इंजिनीअर सांगतात. आमच्या गावात त्याआधी हरकती लागायच्या! मळणी झाली की धान घरात जातं आणि तणसाचा ढीग अंगणात राहतो. भंडारा जिल्ह्यात उभी हयात बातमीदारी केल्यावर माझंही तसंच झालंय. बातम्या पेपरात गेल्या, किस्से माझ्याकडे साठले. त्यातला अर्धा ढीग एकट्या नाल्यावरच्या पुलाचा आहे. परवा त्याच पुलाच्या कठड्याला टेकून चहा घेताना मित्र म्हणाले, "आता सांगून टाक सगळं." गावाचं नाव तेवढं विचारू नका.

नाल्याच्या अलीकडे बाजार, हायस्कूल, नगरपालिका आणि राईस मिल. पलीकडे छप्पन साली बौद्ध झालेल्यांची वस्ती. तिथल्या वत्सलाबाई बिड्या वळायच्या. पावसाळ्यात नाला फुगला की त्यांचा कारखान्याचा रस्ता बंद, आणि मुलगी कुंदाची शाळाही बंद. पूल मंजूर झाला तेव्हा कुंदा पाचवीत होती.

वत्सलाबाईंनी मला विचारलं, "पत्रकारभाऊ, माही पोरगी मॅट्रिक होईस्तोवर पूल होईन ना?"

मी छातीठोकपणे म्हणालो, "मॅट्रिक कशाला? पुढच्या पोळ्याला पुलावरूनच याल, बाई!"

कॉलेज शिकून आलो होतो. नगरपालिका अजून शिकायची होती!

*

काम सुरू करण्याआधी नागरिकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, असा नियम. नियम चांगलाच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. नगरपालिकेनं ऐन श्रावणात नोटीस काढली आणि आपल्याच दाराशेजारच्या फळ्यावर चिकटवली. मुदत संपल्यावर अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं, "पलीकडच्या वस्तीतून एकही सूचना आली नाही. म्हणजे पुलाची गरज त्यांनाच वाटत नाही!"

माझं डोकं फिरलं. तडक बाबूच्या टेबलापाशी गेलो. "नोटीस पलीकडे लावली होती का?"

बाबू बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "लावली असती ना साहेब. पण जाणार कसं? नाल्याले पूर होता!"

*

मग समित्या निघाल्या. सोमवारी 'व्यापारी हितरक्षण समिती' निवेदन घेऊन आली. बुधवारी 'नागरिक कृती समिती'. शुक्रवारी 'नाला बचाव मंडळ'! तिन्ही वेळा मी नगरपालिकेच्या पायरीवर उभा. तिन्ही वेळा तेच चार चेहरे, त्यांत सगळ्यात पुढे राईस मिलवाले नारायणसेठ.

सेठचं दुखणं गावाला ठाऊक होतं. त्यांनी मिलच्या आवाराची भिंत हळूहळू सरकवत पार नाल्याच्या पात्रात नेली होती. पुलाचा रस्ता बरोबर त्या भिंतीवरून जाणार होता.

शुक्रवारी मी विचारलंच, "सेठ, समित्या तीन आणि माणसं तीच?"

सेठ हसले. "तीच कशी? दर वेळेस अध्यक्ष बदलून राहिलो ना आमी!"

*

तिन्ही निवेदनांचा परिणाम म्हणून जागेची पाहणी ठरली. भंडाऱ्याहून इंजिनीअर आले ते वैशाखात. नाला कोरडा ठणठणीत, मधोमध पोरांचा विटीदांडूचा डाव रंगलेला. सेठ म्हणाले, "पाहा साहेब! पाणीच नाई तं पूल कायले पायजे?" साहेबांनी शेरा मारला, 'पाहणीच्या वेळी नाल्यास पाणी आढळले नाही.'

वत्सलाबाई खवळल्या. बायका घेऊन थेट भंडाऱ्याला गेल्या आणि साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "उन्हाळ्यात काहून आले तुमी? पावसाळ्यात या! येता का नाई?"

साहेब शब्दाचे पक्के. पावसाळ्यात खरंच आले. जीप चिखलात रुतली, छत्री उलटी झाली, समोर नाला दोन्ही काठ सोडून वाहत होता. मला वाटलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी शेरा वाचला, 'पुरामुळे पाहणी होऊ शकली नाही.'

*

आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात, असं कौतुक ऐकू यायचं. आमच्या गावात हरकतीसुद्धा वेळेवर येऊ लागल्या!

एव्हाना कुंदा आठवीत गेली होती. पावसाळाभर तिला अड्याळला मावशीकडे ठेवायचे. तिथे ती मावशीची धाकटी पोरं सांभाळी, आणि शाळेचा धडा दिवाळीनंतर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करी. ते पाहिलं आणि त्या रागात मी नाव घेऊन लिहिलं: पुलाच्या कामातील प्रमुख अडथळा, नारायणसेठ! छापून आल्यावर भांडणाच्या तयारीनं, बाह्या सरसावून मिलवर गेलो. पाहतो तर माझं कात्रण काचेच्या फ्रेममध्ये, देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेलं!

"सेठ, अहो, यात तुमची निंदा केलीय मी!"

"हो ना भाऊ! पन 'प्रमुख' लिहिलं तुमी. बाकी तिघायचं तं नावबी नाई!" आणि आत हाक मारली, "चहा आना रे पत्रकारसाहेबाले, चांगला दुधाचा!"

चहा प्यायलो. रागावलेल्या माणसानं प्यावा तसा, बशीत न ओतता.

*

पूल झाला. आज वत्सलाबाईंची कुंदा रोज सकाळी त्याच्यावरून हायस्कुलात जाते. शिकायला नव्हे, शिकवायला! तिच्या दप्तराच्या वयात तो झाला नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तीच मला म्हणते, "काका, आता माह्या वर्गात पलीकडच्या चौदा पोरी आहेत, अन् एकीचाबी पावसाळा बुडत नाई." मग माझा राग दोन घोट चहाइतका शांत होतो.

पण तो झाला कसा, हे विचारायचं तर पाडव्याचं विचारा. कुंदा दहावीत होती त्या वर्षीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आमच्याकडे पोळ्याच्या रात्री दारोदार पळसाच्या फांद्या ठेवतात. पाडव्याला सकाळी त्या उचलायच्या, "रोगराई, ईडापीडा घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत शिवेपलीकडे नेऊन फेकायच्या. उचललेली मारबत, म्हणजे ती फांदी, घरी परत आणायची नाही. आणि आमच्या गावची शीव म्हणजे हाच नाला!

त्या वर्षी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी अख्खं गाव फांद्या घेऊन काठावर उभं. पलीकडे जायची सोय नाही. घरी परत नेणं अशुभ. फेकाल तेवढी फांदी पाण्यात! शेवटी कुणीतरी फेकलीच. मग सगळ्यांनी फेकल्या. गावभरच्या ईडापीडा प्रवाहात गोल फिरल्या, वळणावर गेल्या आणि नारायणसेठच्या सरकलेल्या भिंतीला येऊन अडकल्या. एकीवर एक. भिंतीइतका उंच ढीग!

सेठची म्हातारी माय काठी टेकत पुढे आली. तिनं भिंत पाहिली, ढीग पाहिला, आणि ज्याला अख्खं गाव सेठ म्हणायचं त्याला भर काठावर हाक मारली, "नाऱ्या!"

"काय माय?"

"साऱ्या गावाची पीडा आपल्या घरी आली ना रे! थ्या बाईले विचार, पूल कुठून पायजे."

पलीकडच्या काठावर वत्सलाबाई बिड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या वस्तीनं मारबत कधीच सोडून दिली होती. त्या आपल्या पूर उतरायची वाट बघत होत्या. इतक्या वर्षांत सेठ त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांनी धोतर सावरलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पुराच्या आवाजावर ओरडले, "वो बाई! पूल कुठून पायजे?"

वत्सलाबाईंनी टोपलं सावकाश खाली ठेवलं. कानाला हात लावला. मग तितक्याच मोठ्यानं ओरडल्या,

"ऐकू नाई येऊन राहिलं सेठजी! इकडं येऊन सांगा!"