नुसतं नाव

रविवार कारंजाच्या मागच्या बोळात धोंडीराम सोनजे यांचा छापखाना होता. त्या छापखान्याच्या खिडकीत एक वस्तू कायम तयार असायची, ती म्हणजे दोऱ्यानं बांधलेले चार-पाच खिळे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. खणाखणातून ती एकेक वेचून ओळ जुळवायची, हे शकुबाईचं काम. पण ही अक्षरं वेचत बसावं लागू नये म्हणून बांधूनच ठेवली होती, कारण ती सारखी लागत. ‘गं. भा.’ लग्नपत्रिका असो, सोसायटीच्या सभासदांची यादी असो, मजकुरात एखादी विधवा आली की खिडकीतला जोड उचलायचा आणि तिच्या नावाआधी ठेवून द्यायचा. गंगाभागीरथी! नवरा मेला की बाई एकदम नदीएवढी पवित्र होते. मग हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत का नाही, हे मात्र कुठल्याच पत्रिकेत छापलेलं नसतं.

दिवसातून चारदा तो जोड उचलणारी शकुबाई स्वतःच गं. भा. होती.

तिचा नवरा जयराम बोरस्ते इगतपुरीला रेल्वेत हंगामी कामावर होता. सत्तर साली काविळीनं गेला. शकुबाई तेव्हा बावीस वर्षांची, आणि मंगल तीन वर्षांची. दिंडोरीकडच्या गावात सासरी परत आली, तर सासू कुसाबाईनं ओसरीवरूनच हंबरडा फोडला, “आली गं बाई पांढऱ्या पायाची! माझा वाघासारखा लेक खाल्ला!” कुसाबाई स्वतःही विधवाच, पण लेक गेलेल्या आईला तेवढा विचार कुठून असणार. पुढं वर्षभर शकुबाईला तिच्या नावानं कुणी हाक मारली नाही. ‘रंडकी’ म्हणत, ‘ती’ म्हणत, फार झालं तर ‘मंगलची आई’. एक दिवस तिनं लेक कडेवर घेतली, सातवी पास झाल्याचा दाखला पिशवीत टाकला आणि नाशिकची यष्टी धरली.

मालकांनी आधी नाहीच म्हटलं होतं. बायकांना खिळे सापडत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. पण महिनाभर छापून झालेली अक्षरं सुटी करून खणात टाकायच्या कामावर घेतलं, आणि महिन्याभरात शकुबाई उलटा मजकूर सुलट्यासारखा वाचायला लागली. तीन वर्षांत दोन पुरुष कामगार मिळून जेवढं जुळवीत तेवढं ती एकटी जुळवू लागली. मालक मत बदलल्याचं कधी बोलले नाहीत, पण खिडकीजवळची उजेडाची जागा त्यांनी तिला दिली.

छापखान्यात तिला कुणी वेडंवाकडं बोलत नसे. तिथं ती गं. भा. शकुबाई होती. हजेरीपुस्तकात तसंच, रेशनकार्डावर तसंच, मंगलच्या शाळेच्या दाखल्यावरही तसंच. पहिल्या पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग हळूहळू खटकायला लागलं. गावात लोक शिवी देत, तेव्हा उलटून बोलता तरी यायचं. इथं मान देऊन तेच सांगत होते, आणि मान दिल्यावर भांडायची सोय राहत नाही.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई हस्तपत्रक छापायला घेऊन आल्या. स्पर्धा होती. ‘विधवा हा शब्द कानाला कठोर वाटतो. या भगिनींसाठी सन्मानदर्शक नवा शब्द सुचवा. उत्कृष्ट शब्दास स्टीलचा डबा बक्षीस.’ नमुन्यादाखल त्यांनी स्वतःच तीन शब्द दिले होते. स्मृतिधना, शांतसौभाग्या आणि एकव्रता. शकुबाईनं कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाई, एक विचारू?” ती म्हणाली. “आमच्या मालकांची बायको जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्यासाठी पण एखादा शब्द काढताय का?”

तिकडं टेबलाशी मालक चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. अध्यक्षीणबाई गडबडल्या. “पुरुषांना कशाला शब्द?”

“तेच म्हणते मी. बायको गेली तरी त्यांच्या नावाआधी श्री. होतं, ते तसंच आहे. कुणाला डबा ठेवावा लागला नाही.”

“अहो, आम्ही हे तुमच्यासारख्यांसाठीच करतोय ना!”

“माझ्यासाठी करता तर मला विचारा की.”

“बरं, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?”

“शकुबाई जयराम बोरस्ते. नुसतं नाव.”

अध्यक्षीणबाई बाई म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी खरोखर विचार केला आणि मान हलवली. “नुसतं नाव बरं नाही दिसत हो,” त्या म्हणाल्या आणि पाचशे प्रती सांगून निघून गेल्या. शकुबाईनं हस्तपत्रक इमानेइतबारे जुळवलं. कामाशी तिनं कधी बेइमानी केली नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात मंगलचं लग्न ठरलं. मुलगा नाथा, लासलगावचा. त्याचे वडील कोंडाजी बाजार समितीत मापारी, दिवसभर कांद्याच्या गोण्या काट्यावर चढवून वजन पुकारायचं त्यांचं काम. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. पत्रिकेचा मजकूर घेऊन शकुबाईचा धाकटा दीर गोरक्ष छापखान्यात आला. गोरक्ष ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि तसं चालत-बोलतही असे.

त्यानं आणलेल्या कागदावर निमंत्रक म्हणून एकच नाव होतं, ‘मा. श्री. गोरक्ष त्र्यंबक बोरस्ते’. शकुबाईचं नाव होतं, पण अगदी खाली, चुलत्या-मावश्यांच्या रांगेच्या शेवटी. अर्थातच गं. भा. लावून. कुसाबाईचं नाव नव्हतंच.

पंधरा वर्षं पोरीला वाढवली कुणी? वह्या, पुस्तकं, टायफॉइड, मॅट्रिकचा अभ्यास, सगळं एकटीनं. आणि बोलावणार गोरक्ष! शकुबाईनं कागद ठेवून घेतला आणि त्याला उद्या प्रूफ बघायला बोलावलं. तो गेल्यावर तिनं स्टिक, म्हणजे अक्षरं जुळवायची पट्टी, हातात घेतली आणि निमंत्रक म्हणून वर दोन नावं जुळवली. आधी घरातली थोरली म्हणून सासूचं, मग स्वतःचं. दोन्ही नुसती. ज्या सासूनं पांढऱ्या पायाची म्हटलं तिचं नाव कशाला, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण घरात तिच्याइतकंच पुसलेलं दुसरं नाव तेच होतं. खाली बाकीच्यांची श्री.-सौ. लावलेली नावं आली.

प्रूफ काढून पाहिलं, आणि तिचा जीव खट्टू झाला. चहूकडं श्री., सौ., मा., चि. आणि वरती त्या दोघी उघड्या. हळदीकुंकवात सगळ्या कुंकू लावलेल्या बायकांमध्ये दोघींचीच कपाळं मोकळी दिसावीत, तसं दिसत होतं. कुणीही बघून विचारलं असतं, यांच्या नावाआधीचं काय गळालं?

शकुबाईनं चिमटा घेतला आणि सगळ्यांचं काढायला लागली. गोरक्षचं मा. श्री. काढलं, जावांचं सौ. काढलं, व्याह्यांचं श्री. काढलं. नवरदेवाचं चि. काढलं, मंगलचं चि. सौ. कां. काढलं. ‘आपला स्नेही’ म्हणून खाली मालकांचं नाव होतं, त्यांचंही काढलं. पुन्हा प्रूफ घेतलं. आता कुणाचंच काही गळालेलं दिसत नव्हतं.

मालकांनी चष्मा लावून पाहिलं. “शकुबाई, माझं श्री.?”

“गेलं.”

मालकांनी कान खाजवला, पुन्हा पाहिलं. “मोकळंमोकळं वाटतंय थोडं,” ते म्हणाले. पण छापू नका, असं म्हणाले नाहीत.

गोरक्ष मात्र दुसऱ्या दिवशी प्रूफ बघून लालबुंद झाला. “वहिनी! माझं श्री. कुठं गेलं? मी काय गडी हाय का कुणाचा? आन् निमंत्रक तुम्ही?”

“भाऊजी, लेक माझी आहे. बोलावणार मीच.”

“ते ऱ्हाऊ द्या. माझं श्री. घाला आधी. गावात माझी अब्रू हाय. लोक काय म्हणतील?”

“एवढंसं अक्षर ते,” शकुबाई म्हणाली. “मी रेशनकार्डावरचं गं. भा. काढा म्हणाले, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, वहिनी, शब्दात काय असतंय, मानाचाच हाय, लावून घ्या. एक अक्षर काढलं तर तुम्हाला एका दिवसात एवढं झोंबलं. मी पंधरा वर्षं दोन अक्षरं लावून फिरतेय.”

मशीनवरच्या माणसानं मशीन थांबवलं होतं. गोरक्षनं आवाज चढवला. “गावात एक पत्रिका वाटणार नाय मी! अन् लासलगावकर असली पत्रिका बघून लग्न मोडत्याल. मग घाला पोरीच्या नावाला काय घालायचं ते!” तो चपला वाजवत निघून गेला.

आता मात्र शकुबाई घाबरली. स्वतःचं काय व्हायचं ते होवो. पण मंगलचं लग्न आपल्या हट्टापायी मोडलं तर? तिनं मंगलला सगळं सांगितलं. मंगल आईचीच लेक. “आई, छाप,” एवढंच म्हणाली आणि शिवणाला बसली. पत्रिका छापल्या.

गुरुवारी कोंडाजी मापारी आपला गठ्ठा न्यायला आले. त्यांनी बाकावर बसून पत्रिका हातभर लांब धरली आणि ओठ हलवत वाचली. मग परत वाचली.

“माझं श्री. नाय यात,” ते म्हणाले.

“नाही, व्याहीबुवा.”

“पोराचं चि. बी नाय.”

“कुणाचंच काही नाही.”

“कुणाचंच नाय?” कोंडाजींनी बोट फिरवत खालपर्यंत पाहिलं. “बराबर हाय. नाय तर नाय. एकाचं ठिवून दुसऱ्याचं काढलं आसतं तर म्या भांडलो आसतो. काट्यावर आम्ही बी पाटलाची गोणी आन् गड्याची गोणी येकाच आवाजात पुकारतो.” त्यांनी गठ्ठा काखोटीला मारला आणि चहा मागितला. शकुबाई चहा सांगायच्या निमित्तानं बोळात गेली आणि पदरानं डोळे पुसून आली.

राहिलं गाव. रविवारी ती पत्रिकांची पिशवी घेऊन एकटीच यष्टीतून उतरली. विधवेनं लग्नाचं बोलावणं करू नये, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती पहिल्यांदा सासरच्याच घरी गेली. ओसरीवर कुसाबाई शेंगा फोडत बसलेली. गोरक्ष आत होता, तो बाहेर आला नाही.

“आत्याबाई, मंगलच्या लग्नाला यायचं,” शकुबाईनं पत्रिका तिच्या मांडीवर ठेवली.

“मला कुठं वाचाया येतंय? तूच वाच.”

शकुबाईनं वाचलं. “आमच्या येथे मंगलचा विवाह करण्याचे योजिले आहे. तरी अवश्य यावे. निमंत्रक, कुसाबाई त्र्यंबक बोरस्ते, शकुबाई जयराम बोरस्ते...”

“थांब.” शेंगा खाली सांडल्या. “कोण म्हणलीस?”

“कुसाबाई त्र्यंबक बोरस्ते.”

“माझं नाव? छापल्यालं? आन् त्याच्या म्होरं काय लावलंय?”

“काही नाही, आत्याबाई. नुसतं नाव.”

कुसाबाईनं नाव कुठं आहे ते दाखवायला सांगितलं. त्यावर बोट ठेवून पुन्हा वाचून घेतलं, मग तिसऱ्यांदा. तीन मुलांची लग्नं झाली या घरात, पण तिचं नाव कधी कुणी छापलं नव्हतं. अशुभ नको म्हणून. मग म्हातारी उठली, लुगडं झटकलं, काठी घेतली.

“शके, पिशवी घे. तुला वरची आळी ठावकी नाय, मी येती वाटाया.”

आतून गोरक्ष ओरडला, “आई, तू कुठं निघालीस?”

“पत्रिका वाटाया. मी बोलावणारी हाय. कागुदावर हाय माझं नाव, बघ जा!”

त्या दिवशी दोघी सासवा-सुना सगळं गाव फिरल्या. दर घरी कुसाबाई पत्रिका पुढं करायची, आपल्या नावावर अचूक बोट ठेवायची आणि वाचून दाखवा म्हणायची. कुणी नाक मुरडलं, कुणी तोंडात बोट घातलं. पण दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. लग्नाला गावातून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. गोरक्षही आला, पुढच्या ट्रॅक्टरवर. मांडवात शकुबाई दारातच उभी होती, प्रत्येकाला नावानं या म्हणत, हिरवं पातळ नेसून. तिला इतकं हसताना मंगलनंही पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर छापखान्याच्या दारात गोरक्ष येऊन उभा राहिला. त्याच्या थोरल्या मुलीचं ठरलं होतं. त्यानं मजकुराचा कागद पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. कागदावर निमंत्रक म्हणून पहिलं नाव कुसाबाईचं होतं, कोऱ्या कपाळाचं. त्याखाली ‘मा. श्री. गोरक्ष’.

“भाऊजी, आत्याबाईंचं नुसतं आणि तुमचं मा. श्री. सकट? कसं दिसेल?”

“तेच आई म्हनली.” गोरक्षनं घसा खाकरला. “दोन दिस झालं, जेवली नाय.”

“मग काय करू?”

गोरक्षनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

“काढा,” तो म्हणाला. “समद्यांचं काढा.”

शकुबाईनं कागद घेतला. मंगलच्या लग्नापासून कुणाच्या मजकुरात गं. भा. आलंच तर ती अक्षरं खणातून वेचून लावी, खिडकीतला बांधलेला जोड धुळीत पडून होता. तिनं दोरा सोडला, एकेक अक्षर पुसलं आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकून दिलं. मग स्टिक उचलली आणि सासूच्या नावापासून सुरुवात केली.