मोज्यातले युरो

पारकरकाका घराबाहेर पडताना एक नोट खिशात ठेवत आणि एक उजव्या मोज्यात. सिंगापूरमधलं आमचं सगळं हौगांग चपला फटफटत हिंडायचं. काका मात्र खालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी प्यायलाही बूट-मोजे घालून जात. आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. "अरे, एका जनरेटरवर बोट बंदर सोडत नाही. स्टँडबाय लागतोच," म्हणायचे. छत्र्यासुद्धा दोन.

मी त्यांचा शेजारी, पाया लेबार भागातल्या पेमेंट ॲपच्या कंपनीत. म्हणजे या विषयातला शहाणा मीच! निवृत्तीनंतर काका काकूंना युरोप दाखवायला निघाले, तेव्हा त्यांचं कार्ड मी फोनमध्ये घालून दिलं, खर्च वाचवायला रोमिंगही बंद करायला लावलं.

"आणि स्टँडबाय?" त्यांनी मोज्यातले दोनशे युरो दाखवले.

मी हसलो. "काका, नोटा आता म्हातारे वापरतात."

त्यांनी मुकाट्याने नोटा कपाटात ठेवल्या. "तुझं खातं आहे ते. तुला कळणार."

परत आल्यावर म्हणाले, "झकास झाली ट्रिप. तुझी व्यवस्था पक्की."

गेल्या वर्षी काका गेले. महिन्याभराने काकूंनी खरं सांगितलं. व्हिएन्नात दुपारचं जेवण झाल्यावर कार्ड चालेना. 'हा व्यवहार तुमचाच का,' असा बँकेचा मेसेज सिंगापूरच्या नंबरवर आलेला. रोमिंग बंद, म्हणून तो पोचलाच नाही आणि बँकेने कार्ड अडवलं. हॉटेलच्या वायफायवरून काकांनी मला फोन लावला.

तो फोन मला आठवतो. इथे संध्याकाळ झाली होती, मीटिंगमध्ये होतो, कट केला. 'नंतर बोलू' एवढं लिहिलं आणि विसरलो.

"शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका गुजराती गृहस्थांनी बिल भरलं," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं दर्यावर काढली रे, कुणापुढे हात पसरला नव्हता. मला म्हणाले, पोराला सांगू नकोस, मनाला लावून घेईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी कपाटातून एक पाकीट काढून दिलं. आत तेच दोनशे युरो. वर काकांच्या अक्षरात माझं नाव, खाली एकच ओळ : 'युरोपला जाशील तेव्हा मोज्यात ठेव.'

पुढच्या आठवड्यात कामासाठी जर्मनीला जायचंय. मोजे काढून ठेवलेत. नोटांना हात लावायचा धीर होत नाही. माफी मागायची तर माणूस एकच होता, आणि त्याचा फोन मी कट केला होता.