पडून राहिलेला मध

"हे फिरतंय का पडून हाय?" रॅकवर बोट टेकवून आमचे साहेब एवढंच विचारायचे. चाकणच्या कंपनीत आम्ही त्यांच्या हाताखाली स्टोअर सांभाळत होतो, आणि पडून राहिलेला माल म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. घरी वहिनींच्या डाळीच्या डब्यांचीही सुटका नव्हती.

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. निवृत्तीनंतरही त्यांना हुकूम सोडायला कुणीतरी लागतं. आमच्या साहेबांनी मधमाश्या पाळल्या.

देहूजवळच्या त्यांच्या मळ्यात लाकडी पेटी आली. आतली एखादी चौकट मधाने भरली रे भरली की साहेब ती रिकामी करत आणि आम्हाला बाटल्या वाटत. पेटीत काही शिल्लक नाही, याचा त्यांना कोण अभिमान! पावसाळ्यात फुलं नसतात, माश्या साठवणीवर जगतात, असं पेटीवाल्याने बजावलं होतं. साहेबांच्या मते ती पुरवठादाराची नेहमीची सबब होती.

आषाढात उपाशी माश्या उठून गेल्या. मी गेलो तेव्हा साहेब पेटीचं झाकण हातात धरून उभे होते.

"माल न्हवता राव त्यो. जेवण व्हतं त्यांचं," ते म्हणाले. त्यांना असं खजील झालेलं मी प्रथमच पाहत होतो. मला फार वाईट वाटलं.

नव्या माश्या आणल्या तेव्हा मात्र त्यांनी दुसरं टोक गाठलं. मधाला कुणाला हात लावू देईनात. विचारलं की म्हणत, पावसाळ्याला लागंल. पेटी इतकी भरली की राणीला अंडी घालायला जागा उरेना आणि माश्या दाराबाहेर लोंबू लागल्या. अशा दाटीत अर्ध्या माश्या राहायला नवी जागा शोधत निघून जातात, हे मी दोनदा सांगितलं. साहेब ऐकतील तर शपथ.

चैत्रात साहेब अचानक गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी मला मळ्यात घेऊन गेल्या. त्यांनी पेटी उघडली, मधाच्या दोन चौकटी काढल्या आणि त्यांच्या जागी दोन रिकाम्या सोडल्या. आणखी एक काढा, मी सुचवलं.

"नको भाऊजी. जागाबी पायजे आन् पोटालाबी पायजे," त्या म्हणाल्या. "ह्यांना मधलं काय ते कधी जमलंच न्हाई."

त्या हसल्या, आणि मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या.

यंदाचा पावसाळा सरला. माश्या टिकल्या. बघायला साहेब तेवढे नव्हते.