बापाची बदनामी चालायची नाही

"खाली बसा, पाळकसायेब! माज्या बापाची बदनामी हितं चालायची न्हाई!"

शांतवन असा ओरडला तेव्हा कोळवणच्या प्रार्थनागृहाचे निम्मे पत्रे उडाले आणि थेट भूगावच्या एका बिल्डरच्या प्लॉटवर जाऊन पडले, असं मी सगळ्यांना सांगतो. अगदीच खोटं नाही. एक पत्रा आधीपासून सैल होता. चार दिवस पाण्याचा घोट धड न उतरलेल्या माणसाचा तो आवाज होता. मी ख्रिस्ती नाही. त्या रविवारी त्याच्या बगलेत हात घालून त्याला तिथवर नेणारा शेजारी, एवढंच. नव्या पाळकांनी संदेश देता देता मागच्या बाकावरच्या शांतवनकडे बोट केलं होतं. देव बाप आहे, बाप प्रेमापोटीच फटका देतो, आणि हा आजार म्हणजे तसाच फटका, असं ते म्हणाले होते. "मी मरतोय, ते समद्यास्नी दिसतंय," शांतवन बाकाला धरून उभा होता. "पन मला माज्या बापानं मारलं, असं कुनी म्हनायचं न्हाई." पुढच्या रविवारी तो नव्हता... त्याला आता पाच आठवडे झाले.

फटका म्हणजे काय, हे अख्ख्या तालुक्यात शांतवनइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचा जन्मदाता बैलाला एक आणि पोराला दोन, असा आसूड ओढायचा. ओढ्यावर अंघोळीला उतरला की शांतवनच्या पाठीवर मुळशीचा नकाशा दिसायचा, धरणासकट. मी एकदा विचारलंच, "असला बाप भोगलास आणि वर देवालाही बापच म्हणतोस? दुसरं नातं सापडलं नाही?" तो पाठ पुसत म्हणाला, "येक बाप वंगाळ निघाला म्हनून बाप ही गोष्टच सोडून देऊ व्हय?" त्याच्या पोरानं, दानियलनं, चालवायला शिकताना शांतवनची जीप भाताच्या खाचरात घातली, तेव्हा सगळी आळी आता मार बघायला मिळणार म्हणून बांधावर जमली होती. हा म्हणाला, "चिखलातनं पाय काढ, जेवाया चल." लोक हिरमुसून घरी गेले.

ही जीप कोळवण-पौड चालायची आणि तिचा कायदा एकच. सकाळी जितकी माणसं नेली, तितकी संध्याकाळी परत. एक जरी कमी असला तरी जीप हलत नसे, नुसता हॉर्न. एका साली माझं उभं भात पावसानं आडवं केलं. मी त्या जीपमध्ये बसून सगळे देव धुतले, शांतवनच्या बापालाही सोडलं नाही, आणि पौडला उतरताना ओरडलो, "तुझ्या जीपला पुन्हा पाय लावणार नाही!" संध्याकाळी टपरीमागे लपून एसटीची वाट बघत बसलो. ती एसटी अजून यायची आहे. समोर जीप उभी. आतल्या बायका शांतवनला शिव्या घालतायत, पाटीतल्या कोंबडीनं अंडं दिलं, त्यातलं पिल्लू आरवायला लागलं, तरी हॉर्न चालूच... शेवटी मी बाहेर आलो.

"तुला शिव्या घातल्या होत्या मी. तुझ्या देवालासुद्धा."

"घातल्या तर घातल्या. शिव्या देनारं पोर बाप काय रस्त्यावर ठिवतोय? सरक आत."

त्याला माती दिली तेव्हा कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, देवानंच हा घाव घातला. मी मातीचं ढेकूळ हातात घेऊन ओरडलो, "त्याच्या बापाची बदनामी इथं चालायची नाही!" पाळक जवळच उभे होते, त्यांनी मान खाली घातली. देव आहे की नाही, मला अजून उलगडलेलं नाही. पण असला तर त्याच्या हातात आसूड नाही, एवढ्यासाठी मी कुणाशीही भांडेन. त्या पाठीची शपथ.

आता जीप दानियल चालवतो. परवा संध्याकाळी पौडला गाडी गच्च भरली, तरी हा हॉर्नच वाजवत बसला. सगळे ओरडायला लागले; पुढच्या सीटवर बसून सर्वांत मोठ्यानं मी.

"अरे, राहिलंय तरी कोण?"

"पाळकसायेब."

"तो? तुझ्या बापाच्या आजाराला फटका म्हणणारा? येऊ दे की चालत! डोंगर चढला की अक्कल येईल! काढ गाडी!"

दानियलनं पुन्हा हॉर्न वाजवला.

"सकाळी आपुनच आनलंय त्यास्नी, काका," तो म्हणाला.