वाघिणीचं एक हळू वाक्य

स्टुडिओत तिला सगळे वाघीण म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच पडून होतं. परदेशी मालिका मराठीत आणताना पडद्यावरच्या बाईच्या ओठांत आपला आवाज बसवायचा, हा तिचा धंदा. गेली तीन वर्षं ती एका सेनापतीणबाईचा आवाज होती. ती बाई तलवार फिरवायची, तटावरून उड्या मारायची, शत्रूला आडवा करायची, आणि प्रत्येक उडीमागचा हुंकार न् प्रत्येक घावामागची किंकाळी आमच्या वाघिणीच्या गळ्यातून निघायची. खोली केवढी, तर दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं श्वास घ्यायला परवानगी मागावी. पंख्याची घरघर माइकात येते म्हणून पंखा बंद. असल्या उकाड्यात बाई युद्धं जिंकायची.

मालिकेत प्रेमही होतं, पण शापित. सेनापतीण ज्याला प्रेमाचा शब्द बोलेल तो जागच्या जागी मरेल, असा एका जादूगाराचा शाप होता. त्यामुळे ती आपल्या सरदाराकडे तीन वर्षं नुसती बघत राहिली. बघायला आवाज लागत नाही. म्हणजे वाघिणीच्या वाट्याला काय आलं? आरडाओरड. लाजणं, रुसणं, मनधरणी सगळी दुसऱ्या बायकांकडे, आणि हिच्याकडे नुसतं बोंबलणं.

बरं, घरी तरी काय होतं? संध्याकाळपर्यंत गळ्यात 'पानं घेऊ का' एवढं विचारण्यापुरताच आवाज उरायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. साधा, अबोल माणूस. लग्नाआधी तो हिच्या फोनवरच्या आवाजावरच भाळला होता. आता ती त्याला टाळी वाजवून हाक मारायची. सासूलाही तसंच. सासू म्हणायची, "अगं, मी काय कबूतर आहे का?" वाघीण हसायची, पण आत कुठंतरी चिडचिड व्हायची. या माणसाशी चार शब्द मायेनं बोलावेत असं तिच्या मनात रोज यायचं, आणि रोज गळा म्हणायचा, उद्या बघू.

मग शेवटच्या भागाचं भाषांतर हातात पडलं. सरदाराला विष चढलेलं, तो तसाही जाणारच. तो तिला म्हणतो, आता तरी बोल. आणि सेनापतीण त्याच्या कानाशी वाकून बोलते, "मला तू हवा होतास. पहिल्या दिवसापासून." बस, एवढंच. तीन वर्षांत एक हळू वाक्य.

वाघिणीनं ते वाक्य जिवापाड जपलं. भाजी चिरताना पुटपुटली, कपडे वाळत घालताना पुटपुटली. 'तू' वर जोर द्यायचा की 'हवा' वर, यावर तिनं इतका विचार केला की दोनदा दूध उतू गेलं. हे वाक्य आपण म्हणायचं आणि ते घरच्यांनी ऐकायचं, एवढीच तिची इच्छा. आपल्या गळ्यात किंचाळण्यापलीकडेही काही आहे, हे नवऱ्याला एकदा कळू दे.

आता या धंद्याचा एक साधा नियम आहे, शेंबड्या पोरालाही कळेल असा. बोलणं आधी, किंचाळ्या शेवटी. एकदा किंचाळलं की त्या दिवसापुरता गळा संपला. वाघिणीनं आदल्या दिवशी दिग्दर्शकाला बजावून सांगितलं होतं, की ते वाक्य आधी घेऊ. या दिग्दर्शकाला पाठीमागं सगळे 'आटपा' म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा. आटपा 'हो हो' म्हणाला होता.

सकाळी ती पोचली तर याची सुरुवातच वेगळी. वाहिनीला जाहिरातीसाठी लढाई आधी हवी, दुपारच्या आत. वाघीण म्हणाली, अहो, गळा काय रबराचा आहे? तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आटपा. काय म्हणावं या माणसाला! तिनं लढाई दिली. वाहिनीकडून निरोप आला, जोर कमी आहे. पुन्हा दिली. पुन्हा निरोप, अजून जोर हवा. तिसऱ्यांदा तिनं मनात आटपालाच समोर धरलं आणि अशी किंकाळी फोडली की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढले. वाहिनी खूश झाली. आणि वाघिणीच्या गळ्यात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं.

मग ते वाक्य आलं. पडद्यावर सेनापतीण वाकली, वाघिणीनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. गरम पाणी झालं, मध झाला, गोळ्या झाल्या. मलम शोधून उपयोग काय, घाव घालून झाल्यावर? डॉक्टरांनी बघितलं, स्वरयंत्र सुजलंय म्हणाले, महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. भाग तर संध्याकाळी द्यायचा होता. आटपानं इकडे तिकडे बघितलं आणि राजवाड्यातल्या सगळ्या दासींचे आवाज काढणाऱ्या बाईला माइकसमोर उभं केलं.

वाघीण काचेबाहेर बसून होती. आतलं ऐकू येत नव्हतं, दासीचे ओठ तेवढे हलताना दिसले. एकाच दमात झालं. दासी बाहेर येऊन तिचे हात धरून म्हणाली, ताई, तुमचं ऐकून ऐकूनच म्हटलं. तिच्यावर रागावणार तरी कसं? तिनं काय घोडं मारलं होतं?

तो भाग लागला तेव्हा तिघं टीव्हीसमोर बसली. वाघीण मुक्यानं; ते वाक्य दुसरीनं म्हटलंय हे तिनं घरी कळवलंच नव्हतं. लढाई सुरू झाल्यावर सासूनं सवयीनं आवाज कमी केला, शेवटी पुन्हा वाढवला. सेनापतीण वाकली. "मला तू हवा होतास. पहिल्या दिवसापासून." सासूनं पदर डोळ्यांना लावला. नवरा वाघिणीकडे वळला, आणि कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा लग्नाआधीसारखा झाला.

"ओळखला मी," तो म्हणाला. "तू असंच बोलायचीस फोनवर. मला वाटलं होतं, तो आवाज गेला."

वाघिणीच्या जिवाचा संताप झाला. आटपावर, वाहिनीवर, या भोळ्या माणसावर. गप्प बसली असती तर ते वाक्य तिचं झालं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण नाही बसवलं तिला.

"तो माझा नाही," ती म्हणाली. खरवडल्यासारखा आवाज निघाला. "दासीचा आहे."

नवरा डॉक्टरांची आठवण करून देत रागावला, मग थांबला. टीव्ही बंद करून म्हणाला, "मग तुझा कसा असता?"

बोलायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तरी ती त्याच्याकडे वळून बसली, आणि इतके दिवस घोटून ठेवलेलं ते वाक्य म्हणाली. 'तू' फाटला. 'हवा' मध्ये शिट्टी वाजली. 'पहिल्या' पलीकडे काही निघालंच नाही, ओठ तेवढे हलले. तिनं सगळा जीव ओतला होता, आणि एवढंच बाहेर आलं.

मग सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खरं सांगू का, सूनबाई? तिचंच बरं होतं."

वाघिणीनं नवऱ्याकडे बघितलं. तो 'नाही' म्हणेल म्हणून थांबली. तो तिच्यासाठी पाणी आणायला उठला.