रिकाम्या क्रेटचं वजन

महाळुंग्यातल्या ज्या कंपनीत मी सॉफ्टवेअर सांभाळते, तिथे गाड्यांचे ब्रॅकेट बनतात आणि प्लास्टिकच्या क्रेटमधून एका मोठ्या कंपनीला जातात. पॅकिंगच्या टेबलावर एक ताई असतात, गावातल्याच. त्या ब्रॅकेट मोजून भरतात आणि क्रेट काट्यावर ठेवतात. काटा वजन पाठवतो एक्सएमएल नावाच्या साच्यात, लेबल छापणाऱ्या सिस्टीमला ते लागतं जेसन नावाच्या दुसऱ्या साच्यात. एकातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम माझा.

नवा काटा आला आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. मोठ्या कंपनीच्या गेटवर क्रेट पुन्हा तोलले की लेबलपेक्षा जास्त भरायचे. मॅनेजर साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर विचारलं, "साधं मोजता येत नाही का?" आणि हातात मेमो दिला. मी तिथेच उभी होते. वाईट वाटलं, पण चूक पॅकिंगचीच असणार असं मीही धरून चालले होते. माझा प्रोग्रॅम दोन वर्षं बिनबोभाट चालला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, जरा काट्यापाशी येता का? साहेब ऐकून घेत न्हाईत."

मी गेले. त्यांनी काट्यावर रिकामा क्रेट ठेवला. एक किलो नऊशे. मग तक्रारीचा कागद माझ्यापुढे धरला.

"बघा, दर क्रेटला येवढंच जास्त हाय. ब्रॅकेट जास्त पडले असते तर फरक कमीजास्त आला असता का न्हाई?"

जागेवर येऊन काट्याची फाइल उघडली. नवा काटा दोन वजनं पाठवत होता, एक क्रेटसकट, एक नुसत्या मालाचं. दोन्हींचं नाव 'वजन'च. कुठलं कशाचं हे कळावं म्हणून प्रत्येक नावाआधी दोन-तीन अक्षरांची खूण होती. ती खूण म्हणजे नेमस्पेसचं, म्हणजे ते नाव कुठल्या यादीतलं हे सांगणाऱ्या लांब पत्त्याचं, छोटं नाव. जेसनमध्ये अशी सोय नाही, म्हणून त्या खुणा मी पहिल्याच दिवशी छाटून टाकल्या होत्या. जुना काटा एकच वजन पाठवायचा, क्रेटसकट, त्यामुळे काही बिघडलं नाही. आता मात्र दोन्ही वजनं एकाच जागी जाऊन बसत होती आणि नंतरचं आधीचं पुसून टाकत होतं. नंतरचं होतं नुसत्या मालाचं. लेबलवर तेच छापलं जायचं, आणि गेटवर मात्र क्रेटसकट तोलायचे.

मी परत पॅकिंगला गेले. "ताई, तुमचं बरोबर आहे. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे."

त्यांनी विचारलं, "मग हे साहेबांना तुमी सांगनार का?"

"आत्ताच सांगते."

केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, लेखी द्यायला सांगितलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल ते विचारलं. मग ताईंना बोलावून मेमो परत घेतला.

"चुकलं आमचं," ते म्हणाले.

ताई हलल्या नाहीत. "साहेब, बोलला तवा सगळे होते. हे बी सगळ्यांसमोर सांगा."

आणि शिफ्ट बदलताना सगळे जमले तेव्हा साहेबांनी खरंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, म्हणून मीच पुढे होऊन सांगितलं. एक जण हसला, तेवढंच.

दुरुस्ती करताना मी नुसत्या खुणेवरही विसंबले नाही, ती कधीही बदलू शकते. फाइलच्या सुरुवातीला प्रत्येक खुणेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो वाचून दोन्ही वजनांना जेसनमध्ये वेगवेगळी नावं दिली. काही दिवसांनी काटेवाल्यांनी अपडेट पाठवलं आणि त्यात खुणाच बदलल्या. पत्ते तेच होते. मी धावत पॅकिंगला गेले. ताई लेबल चिकटवत होत्या.

"काय झालं मॅडम?"

"वजन बरोबर येतंय ना?"

"येतंय की."

तरी मी तीन क्रेट तोलून पाहिले. तिन्ही बरोबर.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या डोळा लागला. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा माझा रावेतचा स्टॉप मागे पडून पुनावळे आलं होतं. तीन-तीन क्रेट तोलून खात्री करणारी मी स्वतःचा स्टॉप चुकवून बसले, याचं रिक्षाने मागे येताना मला आपलं हसूच येत होतं.