उजवा कौल

पोलादपूरची सर्व्हिस मोटार आमच्या महाडच्या शाळेपुढे कधी थांबत नाही. त्या गुरुवारी ती थांबली, आणि ड्रायव्हर खाली उतरून, टोपी हातात घेऊन सरळ माझ्या वर्गाच्या दाराशी आला. "मास्तर, जरा भायेर येता? डागदर वारलं." मला वाटलं, पोलादपूरचे म्हातारे वैद्य गेले. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. खोटं कशाला सांगू, मी "सुटले बिचारे" असंसुद्धा म्हणालो. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. "वैद्यबुवा न्हवं, मास्तर. आपलं डागदर. दत्ताराम डागदर." मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्या वर्गासमोर त्या भल्या माणसाला मी "शुद्धीवर आहेस का?" असं विचारलं. एकतीस वर्षांचा धडधाकट माणूस, पाच दिवसांपूर्वी ज्याच्या दवाखान्यात बसून मी चहा प्यालो, तो वारतो कसा? आज दीड महिना झाला. उत्तर मला ठाऊक आहे, महाडच्या डॉक्टरांनी ते समजावूनही सांगितलं, पण ते अजून गळ्याखाली उतरत नाही.

त्या शनिवारी मी शाळा सुटल्यावर पोलादपूरला गेलो होतो, तसा महिन्यातून एकदा जायचोच. दत्तारामच्या डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. काय झालं म्हणून विचारलं तर हसला. "कालच्या म्हातारीची काळपुळी कापताना सुरीनं मलाच ओळख दाखवली. काही नाही रे, केशव." चहा अर्धा झाला असेल तोच मानेवर गळू आलेला एक गडी आत आला. गळू कापायचं म्हटल्यावर तो बाक सोडून उठायला लागला. दत्तारामनं त्याला खांद्याला धरून बसवलं, भातलावणीची चौकशी सुरू केली, बैल कितीला घेतलास ते विचारलं, आणि मग अगदी अदबीनं म्हणाला, "मग, कापू का?" गड्यानं डोळे मिटून "कापा" म्हटलं. "झालं की!" दत्ताराम म्हणाला. ही त्याची नेहमीची रीत. परवानगी तो प्रत्येकाची घ्यायचा, लहान पोराचीसुद्धा, पण ती मिळेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असायचं. माणसं चिडायची, मग हसायची. मीही त्या दिवशी पोट धरून हसलो. त्या बोटाच्या पट्टीकडे मी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही... सोमवारी हात खांद्यापर्यंत सुजला, मंगळवारी ताप डोक्यात गेला, आणि बुधवारी संध्याकाळी सगळं आटपलं.

आमची ओळख महाडच्या इंग्रजी शाळेतली. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला, नाचणी-वरीची शेती आणि चार गुरं असलेल्या घरातला. बाप लवकर गेला, थोरला भाऊ मुंबईत गिरणीत, घरी आई एकटी. दर शनिवारी तो महाडहून चालत घरी जायचा आणि सोमवारी पहिल्या तासाला पायांवर धूळ घेऊन वर्गात हजर. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. आम्ही एका बाकावर बसायचो आणि दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं. मला का व्हायचं होतं, हे आता नीट सांगता यायचं नाही; बहुधा त्याला व्हायचं होतं म्हणून. मॅट्रिकचा निकाल लागला, दोघेही चांगले पास झालो, आणि मग प्रश्न आला तो डॉक्टरीच्या आधीच्या दोन वर्षांचा. इंटर सायन्स करायचं कुठं? मुंबईच्या युनिव्हर्सिटीत की काशीच्या?

काशीचं माहितीपत्रक मीच मागवलं होतं. ते आम्ही इतक्या वेळा वाचलं की त्याची शिवण सुटली. तिथं हुशार मुलांना फी माफ, राहायला वसतिगृह, आणि दोघांनाही जागा मिळण्यासारखी. मुंबईत दत्तारामला भावाच्या गावकीच्या, म्हणजे गावच्या गिरणीवाल्यांनी मिळून घेतलेल्या, खोलीत पथारीपुरती जागा होती. मला कोणीच नव्हतं. म्हणजे बरोबर राहायचं तर काशीच. वसतिगृहाच्या नकाशात कोपऱ्यातली एक खोली निवडून मी तिच्यात पेन्सिलीनं 'के' आणि 'द' लिहिलं होतं. हेडमास्तरांनी मात्र एकदा आम्हाला थांबवून सांगितलं, "काशीला जरूर जा, पण नंतर मुंबईच्या मेडिकलला यायचं झालं तर परक्या युनिव्हर्सिटीचा म्हणून पात्रतेचा दाखला काढावा लागतो. जागा आधी इथल्या मुलांना. बाहेर राहिलात तर बाहेरच राहाल." मी म्हटलं, मग लखनौला जाऊ, कलकत्त्याला जाऊ, हिंदुस्थान काय लहान आहे? दत्ताराम काही बोलला नाही. तो गप्प बसला याचा अर्थ मी 'हो' असा घेतला, आणि ती चूक मी बारा वर्षं उराशी धरून बसलो.

गोष्ट वाडीत गेल्यावर निराळीच झाली. वाडीला युनिव्हर्सिटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण काशी चांगली ठाऊक होती. काशीला म्हातारपणी जायचं असतं. त्या वाडीतून आजवर दोघंच काशीला गेले होते आणि दोघंही तिकडेच राहिले, गंगेत. एक आजोबा तर दत्तारामच्या तोंडावर म्हणाले, "आरं, तुजं दात पन पडलं नाय अजून. काशीस जाऊन काय करशील?" शेवटी ठरलं की ग्रामदेवीला कौल लावायचा. वाडीत लग्न, पेरणी, विहिरीची जागा, सगळं कौलावर ठरे. मग हे का नाही? वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यासाठी मुद्दाम महाडहून चालत गेलो. गुरवानं देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर मुंबई, डावी पडली तर काशी. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाये, पोरगा डागदरी शिकाया जातोय. ममईस धाडू का काशीस धाडू, सांग." सगळी वाडी श्वास रोखून उभी होती. मी देवीला न जुमानणारा सुधारक, पण त्या दिवशी मनातल्या मनात डाव्या पाकळीला हात जोडत होतो. थोड्या वेळात उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली. दत्तारामच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. दत्ताराम माझ्याकडे वळून म्हणाला, "आता देवीच म्हणते तर..." आणि आपल्या हातात काही नाही, असे त्यानं हात पसरले.

माझ्या वडिलांनी एका वाक्यात निकाल दिला. "दत्ताराम बरोबर असता तर पाठवला असता. एकट्याला इतक्या लांब पाठवायचा नाही." तो मुंबईला गेला, मी महाडला शाळेत चिकटलो. तो डॉक्टर होऊन परत आला आणि चार वर्षांपूर्वी पोलादपूरला दवाखाना घातला, तेव्हा उद्घाटनाचा नारळ त्यानं माझ्या हातून फोडवला. आमच्यात वाईटपणा आला नाही, पण मी त्याला टोमणा मारायचं सोडलं नाही. "तुझ्या देवीनं मला मास्तर केलं," असं मी निदान शंभर वेळा म्हणालो असेन. तो हसायचा आणि विषय बदलायचा.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोला आणि लेकीला तिचे भाऊ माहेरी घेऊन गेले. वाडीतल्या घरात काकी, म्हणजे त्याची आई, एकटीच राहिली. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती पडवीत दत्तारामच्या पुस्तकांची लाकडी पेटी समोर घेऊन बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"केशवा, ही पेटी ने रे तुज्या शालेला. मना काय करायची?" तिनं पेटीचं झाकण पदरानं पुसलं... आणि एकदम म्हणाली, "पोराला मी मारला."

मी म्हटलं, काकी, काहीतरी काय बोलता, विष भिनलं, कोणाच्या हातात नव्हतं.

"तुला ठावं नाय. कौलाच्या आदल्या दिशी मी गुरवीनीच्या पाया पडले. काशीची पाकली गुरवानं पेजेनं चिकटवलान. ममईची नुसती पान्यानं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "काशीस गेलेलं मानूस परत येत नाय, ह्येच मना ठावं. म्हनून देवीला फसवली. तिनं बारा वरसं वाट बघितलान आन माज्याच दारात त्याला नेलान. काशीस धाडला आसता तर आज जिता आसता."

आधी, लाज वाटते सांगायला, मला माझंच आठवलं: माझी काशी, माझी कोपऱ्यातली खोली, आणि ती भाताची पेज. बारा वर्षं ज्या देवीला मी दोष दिला तिचा काही संबंधच नव्हता. मग मी काकीकडे पाहिलं. हाडांचा सापळा झाली होती ती. शेजारीण मला येतानाच म्हणाली होती की दोन दिवस तिनं घास घेतला नव्हता. मी काय बोलतोय ते कळायच्या आत बोलून गेलो, "काकी, त्या कौलानं काही ठरलं नाही. त्याच्या कितीतरी आधीच दत्तारामनं मुंबईचा अर्ज धाडला होता. महाडच्या टपालात मीच त्याच्याबरोबर गेलो होतो. तुमची पाकळी पडली काय, न पडली काय."

तिनं मान वर केली. "शपथ?"

"विद्येची शपथ," मी म्हणालो. खोटी शपथ. मास्तर माणूस मी, मुलांनी तसं केलं तर छडी मारतो. पण ती उठली, चुलीपाशी गेली, आणि तिनं दोघांसाठी भाकरी टाकली. जेवताना मध्येच थांबून ती म्हणाली, "लबाड. मग कौल कशाला लावू दिलान मना?" आणि तेव्हा कुठे ती रडली. हे सगळं लिहून मासिकात छापायला देऊ का, असं मी निघताना तिला विचारलं. ती म्हणाली, "लिव. समद्यांना कलू दे, माज्या पोरानं आयेला कसा फसवलान." त्या म्हणण्यात तक्रार नव्हती.

पेटी मोटारीच्या टपावर टाकून मी घरी आणली. वर शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं होती, त्यांच्याखाली वह्या, आणि अगदी तळाशी शिवण सुटलेलं ते काशीचं माहितीपत्रक. हे त्यानं मुंबईपर्यंत नेलं आणि परतही आणलं, यानंच मला चटका लागला. उघडलं तर ते आपोआप वसतिगृहाच्या नकाशावर उघडलं. माझ्या पेन्सिलीतले 'के' आणि 'द' अजून पुसले नव्हते. त्यांच्यावर एक लहानसा पिवळा पडलेला कागद होता. रजिस्टर टपालाची पावती, महाडचा शिक्का, आणि पाठवण्याचा पत्ता मुंबईच्या कॉलेजचा. तारीख वाचून मी माळ्यावरचं त्या वर्षीचं पंचांग काढलं, वटपौर्णिमा शोधली, आणि बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. कौल लागायच्या आधी बारा दिवस.

म्हणजे माझी शपथ खोटी नव्हती. काकीला मी दिलासा म्हणून जे रचून सांगितलं ते घडलेलं होतं. फक्त टपालात तो एकटा गेला होता. मला न सांगता. मी काशीला जायची ट्रंक रंगवत होतो, तेव्हा ह्यानं हेडमास्तरांचं ऐकून, मुकाट्यानं, स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. मग वाडीत उभा राहून कौल बघितला, हात पसरले, आणि माझे शंभर टोमणे देवीच्या नावावर खाल्ले. मला खूप राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं का रे? रागावलो असतो, आठवडाभर बोललो नसतो, आणि मग कदाचित मीही मुंबईचाच काहीतरी रस्ता शोधला असता... पण भांडायचं कोणाशी? आणि ती पावती त्यानं फेकून का दिली नाही? नेमकी त्याच पानात का ठेवली?

पावती मी होती तिथंच, आमच्या त्या खोलीवर ठेवली आणि माहितीपत्रक मिटलं. तेव्हा मला त्या शनिवारचा तो गडी आठवला, बाकावर डोळे मिटून, मान वाकवून बसलेला. कापू का, असं दत्ताराम त्याला अगदी अदबीनं विचारत होता, आणि कापून झालं होतं.